‘पीक विमा चे पैसे’ : मराठी पोर्टलांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी बातम्यांची पोर्टलं चालवणारे संपादक, डिजिटल विभागप्रमुख आणि एसईओचं, म्हणजे गुगलच्या शोधात पान वर आणण्याचं काम पाहणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पुन्हा पाण्याखाली गेला, त्या दिवसांत माझ्या मामाचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. वर एक लिंक आणि खाली एवढंच : ‘हे तूच लिहिलंयस ना?’ लिंक उघडली. मथळा होता, ‘पीक विमा क्लेम २०२५ : १ रुपयात पीक विमा, पीक विमा क्लेम कसा करायचा, जाणून घ्या संपूर्ण माहिती’. खाली माझं नाव.

लेख माझाच होता, पण २०२३ च्या जुलैतला. ते पोर्टल सोडून मला नऊ-दहा महिने झाले होते. मथळ्यातलं साल कुणीतरी बदललं होतं, ‘शेवटचे अपडेट’ म्हणून त्याच आठवड्याची तारीख टाकली होती आणि आतला मजकूर जसाच्या तसा ठेवला होता. त्यातली जवळजवळ प्रत्येक कामाची गोष्ट तोवर खोटी झाली होती. १ रुपयात विमा ही सवलत २०२३ च्या खरिपात सुरू झाली आणि २०२५ च्या खरिपाआधी राज्य सरकारनं ती बंद केली. सोयाबीनसाठी शेतकऱ्याला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरावा लागू लागला. शेतात पाणी साचलं की ७२ तासांत कळवायचं, ही वाटही राज्यानं त्याच हंगामापासून काढून टाकली. भरपाई ठरणार ती पीक कापणी प्रयोगावरून, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पन्नावरून. आणि इकडे माझ्या नावानिशी शेतकऱ्यांना सांगितलं जात होतं की १ रुपया भरलाय ना, मग घाबरू नका, ७२ तासांत कळवा.

म्हणून हे पत्र. पोर्टलचं नाव घेत नाही. पुढे जे लिहिलंय ते मराठीतल्या बहुतेक डेस्कांवर बसलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल, आणि एकाला बोल लावला की बाकीचे सुटतात. मीही सुटत नाही. चार वर्षं मी हे काम केलं आहे. त्याआधी पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे चूक दिसली की हात शिवशिवतो अशा जातीतली मी. तरीही केलं.

आधी मामाची जुनी गोष्ट सांगते, कारण माझं या विषयाशी काय देणंघेणं आहे ते तिच्यात आहे.

मामाची शेती हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. २ सप्टेंबर २०२४ ला पोळा होता. आदल्या दिवसापासून परभणी, हिंगोली, नांदेडला पावसानं अक्षरशः झोडपलं होतं. बैलांच्या शिंगांना रंग लावायचा सोडून माणसं बांधावर उभी होती आणि समोर सोयाबीनच्या जागी नुसतं गढूळ पाणी. त्या वर्षी नियम होता तो ७२ तासांचा. पाणी रविवारी साचलं असेल तर बुधवारपर्यंत सूचना जायला हवी, नाहीतर नुकसान डोळ्यांसमोर असूनही कागदावर नाही.

मामाला एवढंच ठाऊक होतं की ‘लवकर कळवायचं असतं’. किती लवकर, कुणाला, कसं, हे त्यानं मंगळवारी मोबाइलवर शोधलं. टॉवर धड चालत नव्हता. एकेक पान उघडायला मिनिट-दोन मिनिटं. अशी चार पानं त्यानं वाचली आणि संध्याकाळी मला फोन केला. म्हणाला, ‘अगं, ह्याच्यात सगळं लिहिलंय बघ, फक्त फोन कुठं लावायचा ते नाही.’

मी त्याला १४४४७ हा क्रमांक सांगितला, गट क्रमांक आणि विम्याची पावती हाताशी ठेव म्हटलं. मग कुतूहलानं ती चार पानं उघडली. पहिल्याची सुरुवात साधारण अशी होती : ‘जर तुम्ही पीक विमा क्लेम करणार असाल तर पीक विमा क्लेम करण्यापूर्वी पीक विमा क्लेम बद्दल संपूर्ण माहिती असणे आवश्यक आहे. चला तर मग जाणून घेऊया पीक विमा क्लेम कसा करावा.’ त्यानंतर पीक विमा म्हणजे काय. त्यानंतर पीक विमा चे फायदे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली, हा इतिहास. ज्याचं सोयाबीन पाण्यात आहे त्याला विमा म्हणजे काय ते समजावून सांगणारी चार उपशीर्षकं, आणि दर दोन परिच्छेदांमागे एक जाहिरात.

चौथं पान माझं होतं. पहिल्या ओळीवरून ओळखलं. ७२ तासांचा नियम मी नवव्या परिच्छेदात लिहिला होता. फोन क्रमांक दिलाच नव्हता. ‘अधिक माहितीसाठी अधिकृत वेबसाइटला भेट द्या’ असं लिहून मोकळी झाले होते.

मामाचा फोन बुधवारी दुपारी लागला. सूचना वेळेत गेली. पुढे हातात किती पडलं ती वेगळी कथा, तिचा दोष तुमच्याकडे नाही.

तो नववा परिच्छेद नववा का झाला, ते मला नीट आठवतंय, आणि वाचकांनाही कळायला हवं. सकाळच्या पाळीला एक तक्ता यायचा. आज लोक काय शोधतायत त्या शब्दांचा. त्यातला एक शब्द आपल्या वाट्याला, तो फोकस कीवर्ड. तो मथळ्यात हवा, पहिल्या वाक्यात हवा, निदान दोन उपशीर्षकांत हवा, फोटोखाली हवा, लिंकमध्ये हवा. मजकूर ८०० शब्दांच्या वर हवा. उत्तर वर द्यायचं नाही, वर दिलं तर माणूस वाचून निघून जातो, त्याला खाली उतरवायला हवं. खाली जाहिराती असतात. हे सगळं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला कळायचं.

आणि मजकूर भरायच्या खिडकीत उजव्या बाजूला एक दिवा असायचा. लाल, नारिंगी, हिरवा. प्लगइन नावाचं जोडसॉफ्टवेअर कीवर्ड मोजायचं आणि त्याप्रमाणे दिवा बदलायचा. दिवा हिरवा झाल्याशिवाय ‘पब्लिश’ दाबायचं नाही.

इथून माझी पहिली तक्रार सुरू होते, आणि माझ्या दृष्टीनं ती सगळ्यांत मोठी आहे. त्या प्लगइनला मराठी येत नव्हती. अक्षरांची एक ठरावीक माळ दिसली की त्याचा आकडा एकनं वाढायचा, बस्स. इंग्रजीत हे खपून जातं, कारण तिथं नामाला सहसा काही होत नाही, मागंपुढं एखादा शब्द लागतो आणि काम भागतं. मराठीत नाम वाकतं. विमा, पण विम्याचा, विम्यासाठी, विम्यात. त्या ‘म्या’ला आपण शाळेत सामान्यरूप म्हणून शिकलो आणि लगेच विसरलो, कारण लक्षात ठेवायची गरजच नव्हती. तीन वर्षांचं पोर ‘पुण्याला जायचं’ म्हणतं. ‘पुणे ला जायचं’ म्हणणारं मराठी घरातलं मूल मी अजून ऐकलेलं नाही.

तर मी लिहिलं होतं ‘पीक विम्याचे पैसे’. दिवा लाल. ‘पीक विम्यासाठी अर्ज’. लाल. लेखात विमा हा शब्द वीसेक वेळा होता, पण प्लगइनच्या हिशेबी तीनदाच. पाळीप्रमुखांनी मागून येऊन बघितलं आणि म्हणाले, ‘तोडून टाक की.’ मी ‘विम्याचे’मधला ‘म्या’ काढला, ‘मा’ केला, एक स्पेस दिली आणि ‘चे’ वेगळा लिहिला. ‘पीक विमा चे पैसे’. दिवा नारिंगी. आणखी चार ठिकाणी तसंच केलं. हिरवा. छापखान्यात असते तर अशा प्रत्येक जागी मी लाल शाईनं जोडायची खूण केली असती. इथं मी स्वतःच्या हातानं जोडलेलं तोडत होते.

त्या दिवसापासून तुमच्या सगळ्यांच्या पानांवर मला हेच दिसतं. ‘पुणे मध्ये पाऊस’. ‘ठाणे मध्ये पाणीकपात’. ‘शेतकरी साठी मोठी बातमी’. ‘कांदा चे दर घसरले’. ‘सोने चा आजचा भाव’. सोन्याचा भाव म्हणायला आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या अडचण आली नाही. काहीजण म्हणतात, भाषा बदलतेच. बदलते, मान्य. पण बोलणाऱ्याच्या तोंडात बदलते. रिसोड किंवा रोह्यातला कुठलाही माणूस ‘कांदा चे’ म्हणत नाही. हा बदल फक्त मोजणी यंत्राच्या सोयीनं आला आहे. काहीजण हिंदीकडे बोट दाखवतात. हिंदीत ‘पुणे में’ बरोबरच आहे, तिथं तो ‘में’ सुटाच लिहितात आणि पुणे तसंच राहतं. आपल्याकडे ‘पुण्यात’ असा चांगला, छोटा, एकाच शब्दात मावणारा ऐवज असताना आपण दोन शब्द खर्च करून चूक विकत घेतो.

दुसरी तक्रार शुद्धलेखनाची आहे आणि ती जरा गमतीची आहे. तक्त्यात एकदा शब्द आला ‘पिक विमा’. पहिली वेलांटी. मी दुसरी वेलांटी केली, तर परत आलं : ‘लोक पहिलीच शोधतात, तेच ठेव.’ घाईत, लहान कीबोर्डवर, चिखलाच्या अंगठ्यानं शोधणारा माणूस पहिली वेलांटी देतो, त्यात त्याची काही चूक नाही. संपादक म्हणून बसलेल्यानं तीच चूक मथळ्यात मिरवायची का? बरं, पिक म्हणजे कोकिळ. आपल्या जुन्या कवितांतून हा पिक वसंतात गात आलाय. त्या हिशेबानं गेली काही वर्षं मराठी पोर्टलं महाराष्ट्रातल्या कोकिळांचा विमा उतरवतायत. हप्ता कोण भरतंय कुणास ठाऊक.

तिसरी, ‘मराठी’ या शब्दाची. ‘साबुदाणा खिचडी रेसिपी इन मराठी’. ‘पावसाळा निबंध मराठी’. ‘महाराणी येसूबाई माहिती मराठी’. मराठी पानावर, मराठी अक्षरांत, मराठी वाचणाऱ्याला दर चार ओळींनी सांगायचं की बाबा, हे मराठी आहे. शोधणारा ते टाइप करतो, कारण नाहीतर त्याला इंग्रजी पानं दिसतात. त्यानं ते शोधायच्या चौकटीत लिहावं, ठीक आहे. पण तेच उचलून ‘आज आपण पावसाळा निबंध मराठी मध्ये पाहणार आहोत’ असं वाक्य केलं की ते कुठल्या भाषेतलं वाक्य होतं?

माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनं मला सातवीतल्या एका मुलाच्या वहीचा फोटो पाठवला, नाव झाकून. निबंध होता ‘माझी आई’. अक्षर वळणदार, समास आखलेला. शेवटचं वाक्य : ‘तर मित्रांनो, माझी आई निबंध मराठी तुम्हाला कसा वाटला हे कमेंट करून नक्की सांगा.’ मी हसले, मैत्रीण हसली नव्हती. तिनं वाक्याखाली लाल रेघ मारली होती आणि बाजूला काहीच लिहिलं नव्हतं. म्हणाली, काय लिहू? वरच्या परिच्छेदात पोरानं ‘आई मुळे’ आणि ‘घर मध्ये’ लिहिलंय, हा मुलगा घरी ‘घरात’च म्हणतो. छापलेलं आहे म्हणजे तेच बरोबर, असं त्याला वाटतं. आपल्यालाही त्याच्या वयात छापलेल्याबद्दल असंच वाटायचं, फरक एवढाच की आपल्या हातात बालभारतीचं पुस्तक होतं.

आता कच्चा खर्डा यंत्राकडून, म्हणजे एआयकडून लिहून घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. तसले खर्डे तपासायला माझ्याकडे येतात, त्यातच माझं पोट चालतं. त्यांत हे तुटके प्रत्यय सर्रास दिसतात. यंत्रानं ते कुठून उचलले असतील याचा अंदाज करायला मला फार लांब जावं लागत नाही.

चौथी तक्रार, माहिती नसताना पान काढण्याची. ‘लाडकी बहीण योजना हप्ता कधी येणार? मोठी अपडेट समोर’. आत लाडकी बहीण योजना हप्ता हे शब्द चौदा वेळा आणि तळाला एक वाक्य : याबाबत अद्याप अधिकृत घोषणा झालेली नाही. आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आठवड्यातून एकदा तरी फोन पुढं करतात, ‘ताई, आज येणार लिहिलंय, बघा की.’ मी वाचते आणि सांगते, मावशी, काही लिहिलेलं नाही. १,५०० रुपयांची वाट बघणाऱ्या बाईला रोज खोट्या दाराशी उभं करणं हे तुमच्या तक्त्यात वाचकसंख्या म्हणून दिसत असेल. त्यातली अर्धी संख्या म्हणजे त्याच त्या मावशी आहेत.

पाचवी लहानशी. आषाढी एकादशी २०२५ कधी आहे, याचं उत्तर ६ जुलै. कालनिर्णयात ते एका चौकोनात मावतं आणि शेजारी दुधाचा हिशेब लिहायलाही जागा उरते. तुम्हाला त्यासाठी ९०० शब्द लागतात. शहराशहरागणिक सोन्याच्या भावाचं वेगळं पान, ज्यात शहराचं नाव तेवढं बदललेलं, हाही त्यातलाच प्रकार. असो.

तुमचं उत्तर मला पाठ आहे, कारण ते मीही नव्या मुलांना देत असे : गुगलला हेच लागतं.

लागत नाही. निदान गुगल स्वतः तरी तसं म्हणत नाही. पानाच्या पोटात लपवून कीवर्डांची यादी देण्याची जी सोय होती, ती शोधातली पानांची क्रमवारी लावण्यासाठी आपण वापरत नाही हे गुगलनं २००९ च्या सप्टेंबरातच जाहीर करून टाकलं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं हा नव्वदीतला चाळा, तो तर कधीच पकडला गेला. मग क्रमवारीच्या पद्धतीत गुगलनं केलेले दोन मोठे बदल : २०११ चा पांडा भरताड मजकुरावर आला, २०१२ चा पेंग्विन कीवर्ड कोंबण्यावर आणि विकतच्या लिंकांवर. त्यांच्या स्पॅमच्या, म्हणजे शोधाला फसवणाऱ्या पानांविरुद्धच्या धोरणात कीवर्ड कोंबणं हा गुन्हा स्वतंत्र नावानं नोंदलेला आहे, उदाहरणांसकट : तेच ते शब्द इतक्यांदा की वाक्य कृत्रिम वाटावं, शहरांच्या नावांच्या राशी, वगैरे. नवशिक्यांसाठीच्या त्यांच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की शब्दसंख्येचा कुठलाही जादूचा आकडा नाही, ना कमीत कमी ना जास्तीत जास्त. मग आपले ते ८०० कुठून आले? आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी आणखी एक नियम आणला : क्रमवारी लाटण्यासाठी ढिगानं काढलेली पानं, ती माणसानं लिहिलेली असोत की यंत्रानं, स्पॅमच.

राहिला प्रश्न मराठी समजण्याचा. शब्दाच्या आजूबाजूचे शब्द बघून अर्थ लावणारी बर्ट नावाची पद्धत गुगलनं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजी शोधासाठी सुरू केली आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक भाषांत आणली. त्या यादीत मराठी आहे. म्हणजे सामान्यरूप ज्याला कळत नाही ते तुमचं प्लगइन आहे, आणि त्याच्या अडाणीपणाची शिक्षा तुम्ही वाचकाला देताय.

‘पण अशी पानंच वर येतात’, हेही तुम्ही म्हणाल. येतात, मी पाहिली आहेत. एका विषयावर मराठीत वीस पानं असली आणि वीसही सारखीच कोंबलेली असली, तर त्यातलं एक वर येणारच. वासरांत लंगडी गाय शहाणी. तिच्या लंगडण्याला तुम्ही यशाचं गमक समजताय.

अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. मराठी पानावर जाहिरातीचा पैसा इंग्रजीच्या मानानं किरकोळ मिळतो. एका पाळीत एका मुलाकडून बारा-बारा बातम्या काढून घेतल्या जातात, त्यात बारावीला कोण व्याकरण बघणार. शोधणाऱ्याला आता गुगलच वरच्या वर उत्तर काढून देतं, तुमच्या पानापर्यंत माणूस येतच नाही. आणि मी नोकरी या तत्त्वासाठी सोडली असंही काही नाही. पगार दोन-दोन महिने लांबायचा म्हणून सोडली. या सगळ्यात एसईओ करूच नका असं सांगणारी मी कोण? कराच. मथळ्यात विषय स्पष्ट असावा, लोक ज्या शब्दानं शोधतात तो शब्द एकदा ठळक यावा, यात वावगं काहीच नाही. छापील वर्तमानपत्रात चांगला मथळा करणारा हेच करत आलाय. माझं भांडण पंधराव्या वेळेशी आहे.

तेव्हा मागण्या अशा.

वाचकानं जे विचारलंय त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या. तारीख, रक्कम, फोन क्रमांक, कुठं जायचं. जाहिराती त्याच्याखाली लावा, कुणाची हरकत नाही.

सरकारी योजनेचं पान असेल तर शासन निर्णयाची तारीख आणि त्याची लिंक द्या. मजकूर न वाचता मथळ्यातलं साल बदलायचं नाही. बदल केलाच तर ‘अपडेट’ एवढ्यावर भागवू नका, काय बदललं ते एका ओळीत लिहा. जी पानं सांभाळायला माणूस नाही ती सरळ उतरवा. शेतकऱ्याचा, विद्यार्थ्याचा किंवा रुग्णाचा ज्याच्यावर विसंबून निर्णय होतो, असं प्रत्येक पान हंगाम बदलला की एकदा कुणीतरी जबाबदार माणसानं वाचलंच पाहिजे.

प्रत्यय शब्दाला जोडा. ‘विम्याचे’, ‘पुण्यात’, ‘शेतकऱ्यांसाठी’. दिवा लाल राहिला तर राहू द्या. शेवटचा शब्द उपसंपादकाचा असावा, प्लगइनचा नाही. आणि दिवा लाल असताना बातमी लावली म्हणून कुणाला बोलणी बसणार नाहीत, हे डेस्कवर लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरलं जातं.

चुकीची वेलांटी शोधणाऱ्याकडून आली तर येऊ द्या, तुमच्याकडून जायला नको.

ज्या दिवशी हप्त्याची घोषणा नाही त्या दिवशी हप्त्याची बातमी नाही.

लेखकानं संस्था सोडल्यावर त्याच्या नावाखालचा मजकूर बदलायचा असेल, किंवा नुसतं साल बदलायचं असेल, तर त्याला विचारा. तो सापडत नसेल तर नाव काढा.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी पानंच्या पानं काढली. त्यातलं एक मी तपासलं होतं. त्यात ‘मराठी भाषा ला अभिजात दर्जा’ असं सात ठिकाणी होतं. सातही जागी मी ‘भाषेला’ केलं आणि दिवा लाल असतानाच बटण दाबलं. तक्रार आली. पण ते पान चाललं, बऱ्यापैकी चाललं.

शेवटी माझ्या त्या लेखाचं. संबंधित पोर्टलला मी दोन मेल केले आहेत, एक मामाचा निरोप आला त्या रात्री आणि दुसरा पंधरा दिवसांनी. पहिल्याला आपोआप जाणारी पोच आली, दुसऱ्याला तीही नाही. पान अजून आहे, मथळ्यात २०२५ आहे, खाली माझं नाव आहे. ज्यांचं आहे त्यांना कळेल. नवा मजकूर मी लिहून ठेवला आहे, पैसे नकोत. ६० शब्दांत बसतो : १ रुपयाची सवलत कधी बंद झाली, आता हप्ता किती, भरपाई कशी ठरते, चौकशी कुठं करायची. ‘पीक विमा’ त्यात एकदाच येतो, आणि तोही ‘पीक विम्याचा’ असा.

आपली,
एक माजी उपसंपादक
पुणे